तो विषय काढून घेऊ नका

सध्या एक मेसेज फिरतोय. 'ऑटिस्टिक मूल एकाच विषयात अडकलं असेल तर तो विषय घरातून हद्दपार करा. ते ऑब्सेशन असतं, त्यापायी मूल कोणात मिसळत नाही. निदान विषय तरी उपयोगाचा लावून द्या. मोठेपणी हे सुटतंच.' मी ऑटिस्टिक आहे, निदान चौतिसाव्या वर्षी झालं. यातलं एकेक वाक्य मला लागलं, म्हणून लिहितेय.

आधी 'ऑब्सेशन'. मंत्रचळात (ओसीडी या मानसिक आजारात) नको असलेले विचार मनात घुसतात आणि माणूस त्यांच्यापासून सुटायला धडपडतो. आम्हाला आमच्या विषयाची ओढ असते. डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत 'असामान्य तीव्रतेच्या, मर्यादित आवडी' असा निकष आहे, पण ते बाहेरून बघणाऱ्याचं वर्णन झालं. आमच्यातली माणसं म्हणतात, 'तिथे डोकं शांत होतं.' डायना मरे, माइक लेसर आणि स्वतः ऑटिस्टिक असलेले वेन लॉसन या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलं की आमचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींकडे जातं, पण सगळंच्या सगळं जातं. मला हे वाचताना पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबद्दल नीट लिहिलंय असं वाटलं.

माझा विषय अक्षरं. पाटीवर काय लिहिलंय हे कळायच्या आधी ल पाकळीचा आहे की दंडाचा, हे मला दिसतं. गर्दीत सगळे आवाज एकदम अंगावर येतात, तेव्हा मी एखादा ळ शोधते. त्याची दोन पोटं क्वचितच सारखी असतात. कुठलं मोठं, रेष कुठे जाड होते, हे बघता बघता श्वास जागेवर येतो. (म्हणूनच ऑटिस्टिकसाठी वापरला जाणारा 'स्वमग्न' हा मराठी शब्द मला पटत नाही. त्या क्षणी मी स्वतःत नसते, ळ मध्ये असते.) लहानपणी सगळे याला 'सुंदर अक्षराची हौस' म्हणायचे. अनेक मुलींची आवड अशी चारचौघींसारखी दिसते आणि निदान राहून जातं.

मिसळत नाही म्हणता? माझी पहिली जिवाभावाची मैत्रीण मला एका मुखपृष्ठावरच्या 'क्ष'मुळे मिळाली. दोन तास बोललो, एकमेकींकडे न बघता. आम्ही एखाद्याला आमच्या विषयातलं भरभरून सांगतो, ते त्याला जवळचं मानतो म्हणून. अकराव्या वर्षी माझी अक्षरांची वही काढून घेतली. त्यानं अभ्यास वाढला नाही. मी बोलायची थांबले.

'उपयोगाचा विषय' म्हटलं की टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक अमेरिकी पशुशास्त्रज्ञांचं नाव येतंच. गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून स्थिर धरणारं यंत्र त्यांनी मावशीच्या रँचवर पाहिलं आणि स्वतःला शांत करायला तसंच बनवलं. त्यांचा तो नाद सोडवायला बघणारे होतेच. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र त्यामागचं कारण शोधायला लावलं. पुढे गुरं हाताळायच्या व्यवस्था आखण्यात त्यांचं नाव झालं. पण तेव्हा तो विषय उपयोगाचा म्हणून कुणी निवडून दिला नव्हता. आणि माझ्या ळ मधून कधीच काही मिळालं नाही तरी तो मला हवाच आहे.

मोठेपणी हे सुटत मात्र नाही. विषय बदलतो, लागणं तसंच राहतं.

एका गोष्टीत मेसेजवाल्यांची काळजी खरी आहे. ऑटिस्टिक प्रौढांच्या २०१८ च्या एका अभ्यासात अशा आवडींचा संबंध समाधानाशी दिसला, पण तीव्रता फार वाढलेली असेल तिथे समाधान कमी दिसलं. माझंही तहानभूक विसरून अंग दुखेपर्यंत बसणं होतं. तेव्हा मदत लागते. न बोलता शेजारी ठेवलेलं पाणी चालतं. उठायच्या दहा मिनिटं आधी सांगितलेलं चालतं. सगळ्यात चांगलं म्हणजे जवळ येऊन विचारा, 'आज कुठलं अक्षर?' माझं सांगून होऊ द्या. मग मी उठते.