कमरेला पिस्तूल आणि ‘जगाचा सलाम’

‘अमेरिकेत साधा माणूस कमरेला उघडं पिस्तूल लावून किराणा आणायला जातो. कुणी वळूनही बघत नाही. उलट लोक आदराने बाजूला होतात, पोलीस हसून नमस्कार करतात. काऊबॉयच्या काळापासून चालत आलेली ही परंपरा आहे, म्हणूनच तिथे गुंड कुणाच्या वाटेला जात नाहीत. २०१७ मध्ये श्रीनिवास कुचीभोटलाच्या कमरेला पिस्तूल दिसलं असतं, तर तो आज जिवंत असता. आपल्याकडेही लायसन्स असेल तर उघड लावायला कायद्याची आडकाठी नाही. हवी फक्त हिंमत. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.’

मुठी आवळलेल्या आणि तिरंग्याच्या इमोजींसकट हा मजकूर सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. पाठवणारा माझा सख्खा भाचा, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर इथे अमेरिकेत येऊन टेक्ससमधल्या फ्रिस्कोत राहणारा. त्याखाली त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, नाशिकहून प्रश्न: ‘खरंच का गं? मग तू जवळच आहेस तर याला एखादं घेऊन दे ना.’ जणू प्रेशर कुकर घ्यायचाय!

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत बरीच वर्षं राहतेय. ग्रुपवर तुकड्यातुकड्याने उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

जे खरं आहे ते आधी मान्य करून टाकते. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल उघड बाळगता येतं. अट एवढीच, की ते होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावायच्या पिस्तुलाच्या पाकिटात हवं. ज्यांनी रीतसर परवाना काढलाय त्यांच्यात गुन्हे सिद्ध झाल्याचं प्रमाण फारच कमी असतं, हेही राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याची आकडेवारी सांगते. मला ते आवडो न आवडो, आहे ते आहे. पण टेक्सस म्हणजे अमेरिका नव्हे. न्यूयॉर्क किंवा इलिनॉयमध्ये असं कमरेला लावून रस्त्यावर उतरलात, तर हसून नमस्कार करायला नाही, बेड्या घालायला पोलीस येतील.

काऊबॉयची परंपरा हा तर निव्वळ सिनेमा. टेक्ससने पिस्तूल घेऊन फिरण्यावर १८७१ मध्ये बंदी घातली, ती खऱ्या काऊबॉयच्या काळात. लपवून बाळगायचा परवाना १९९५ च्या कायद्याने मिळू लागला, आणि परवानाधारकाला ते उघड दाखवायची मुभा मिळाली १ जानेवारी २०१६ ला. ॲरिझोनातल्या टूमस्टोन शहरात १८८१ ला काऊबॉय आणि पोलिसांमधली ती जगप्रसिद्ध चकमक झाली, तेव्हाही शहरात हत्यार घेऊन फिरायला बंदी होती आणि मार्शल, म्हणजे शहराचा पोलीसप्रमुख, ती बंदी अमलात आणायला निघाला होता. तर परंपरा म्हणायचीच असेल, तर बंदीला म्हणा.

आता मुख्य मुद्दा. ‘कुणी वळूनही बघत नाही’ आणि ‘लोक आदराने बाजूला होतात’. एकाच मजकुरात ही दोन्ही वाक्यं कशी बसली, ते लिहिणाराच जाणे. बघतच नसतील तर बाजूला कसे होतात?

बाजूला होतात, हे मात्र खरं. मी पाहिलंय. काऊंटरवरची मुलगी नजर वर न करता पटापट वस्तू स्कॅन करते, मागची बाई ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत जाते, कुणी मुलाचा हात धरून सरळ दाराकडे चालू लागतं. तोंडाने कुणी काही बोलत नाही, कारण ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याच्याशी हुज्जत घालायची हौस कुणाला असते? या गप्प बसण्याला आदर समजणारा माणूस आपल्या गावच्या गुंडालाही लोकप्रिय समाजसेवक समजत असणार.

आणि हे माझंच मत आहे असं वाटत असेल, तर व्हॉटाबर्गरकडे बघा. १९५० मध्ये टेक्ससच्या कॉर्पस क्रिस्टीत सुरू झालेली बर्गरची साखळी, टेक्ससवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. २०१५ च्या उन्हाळ्यात, उघड पिस्तुलाचा नवा कायदा मंजूर झाला होता पण लागू व्हायचा होता, तेव्हा कंपनीचे प्रमुख प्रेस्टन ॲटकिन्सन यांनी जाहीर पत्र काढलं: आमच्या दुकानांत उघड पिस्तूल चालणार नाही. कारण? पोलीस नसलेल्या माणसाच्या अंगावर हत्यार दिसलं की अस्वस्थ वाटतं, असं अनेक ग्राहकांनी आणि कर्मचाऱ्यांनी कळवलं होतं. हे लिहिणारा गृहस्थ स्वतः शिकारी, स्वतःकडे पिस्तुलाचा परवाना असलेला. त्याला न्यूयॉर्कचा मऊ माणूस म्हणून उडवून लावता येत नाही. परवानाधारकाने झाकून आणलेल्या पिस्तुलाला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती दिसण्याला. रात्रंदिवस उघडी असणारी दुकानं चालवणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या मनातलं कळलं नाही तर धंदा बसतो, त्यामुळे या एका पत्राला मी शंभर फॉरवर्डांपेक्षा जास्त वजन देते.

राहिला किराणा. टेक्ससचं घरचं किराणा दुकान म्हणजे एच-ई-बी. त्यांनीही २०१६ मध्ये कायदा लागू होताना उघड पिस्तूल चालणार नाही असं सांगितलं. इथे दुकानांच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत पाट्या दिसतात. त्यांना कायद्यातल्या कलमावरून ‘तीस-शून्य-सात’ म्हणतात. पाटी असताना उघड पिस्तूल घेऊन आत गेलात तर गुन्हा. वॉलमार्टनेही सप्टेंबर २०१९ मध्ये ग्राहकांना उघड हत्यार आणू नका अशी विनंती केली, आणि ती का केली ते पुढे येतंच आहे. म्हणजे ज्या किराण्याच्या गप्पा फॉरवर्डात आहेत, तो आणायला माणूस जाणार तरी कुठे?

पोलिसांच्या हसून नमस्काराचं बघू. ३१ ऑक्टोबर २०१५ ला कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरात एका बाईने ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करून सांगितलं, की रस्त्यावर एक माणूस रायफल घेऊन फिरतोय. पलीकडून उत्तर मिळालं, की राज्यात उघड शस्त्र बाळगायला परवानगी आहे. त्यानंतर थोड्याच वेळात त्या माणसाने तीन जणांना गोळ्या घालून मारलं. त्याच्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१४ मध्ये, ओहायोच्या बीव्हरक्रीकमध्ये २२ वर्षांचा जॉन क्रॉफर्ड वॉलमार्टमध्ये फोनवर बोलत फिरत होता, हातात तिथल्याच फळीवरून उचललेली छऱ्याची बंदूक. कुणीतरी ९११ लावला, पोलीस आले आणि त्यांनी त्याला तिथल्या तिथे गोळी घातली. ओहायोतही उघड शस्त्र बाळगणं कायदेशीरच होतं. पहिला माणूस गोरा होता, क्रॉफर्ड काळा. फॉरवर्डमधला हसून नमस्कार कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे यावर मी वेगळं सांगायला नको.

आमच्या डॅलसचंच घ्या. ७ जुलै २०१६ च्या मोर्चात वीस-तीस लोक उघडपणे रायफली घेऊन चालले होते, कायद्याने ठीक. मग एका माथेफिरूने पाच पोलीस मारले. गोंधळात पोलिसांनी मोर्चातल्याच एका रायफलवाल्या माणसाचा फोटो संशयित म्हणून ट्विटरवर टाकला. तो निर्दोष होता, आपण होऊन पोलिसांकडे गेला म्हणून निभावलं. गोळीबार सुरू झाल्यावर यातला चांगला कोण आणि वाईट कोण ते आम्हाला कळत नाही, असं तेव्हाचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राऊन यांनीच उघड सांगितलं होतं. ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे त्यांना ओळखता येत नाही, तिथे गोंधळ माझ्या भाच्याच्या बाजूने सुटेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आरशात स्वतःचा रंग एकदा बघावा.

‘गुंड वाटेला जात नाहीत’ यावर फार शाई खर्च करत नाही. ३ ऑगस्ट २०१९ ला एल पासोच्या वॉलमार्टमधल्या गोळीबारात २३ माणसं मारली गेली; वॉलमार्टची ती विनंती यानंतरची. मे २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका. मे २०२३ मध्ये ॲलनच्या मॉलमध्ये आठ जण, त्यात तेलंगणातली एक तरुण इंजिनीअर. ॲलन इथून हाकेच्या अंतरावर, दिवाळीची खरेदी आपले लोक तिथे करतात. तिन्ही गावं टेक्ससमध्ये. ॲलनचा हल्लेखोर एका सशस्त्र माणसानेच थांबवला हे खरं, पण तो गणवेशातला, प्रशिक्षण घेतलेला पोलीस होता.

आता ज्या वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते वाक्य. श्रीनिवास कुचीभोटला.

एका मेलेल्या माणसाला फॉरवर्डच्या तोंडी लावायचं आणि त्याचं काय झालं होतं ते वाचायचंही नाही, याचा मला खरोखर संताप येतो. २२ फेब्रुवारी २०१७, कॅन्सस राज्यातलं ओलेथा. श्रीनिवास आणि त्याचा मित्र, दोघेही गार्मिनमध्ये इंजिनीअर, कामावरून सुटून एका बारच्या अंगणात बसले होते. एका गोऱ्या माणसाने त्यांना शिवीगाळ केली, तुम्ही कुठल्या व्हिसावर आहात म्हणून हटकलं. त्याला बाहेर काढण्यात आलं. तो पिस्तूल घेऊन परत आला, ‘माझ्या देशातून चालते व्हा’ ओरडला आणि गोळ्या झाडल्या. श्रीनिवास गेला, मित्र जखमी झाला. कॅन्ससमध्ये तेव्हाही उघड पिस्तूल बाळगणं कायदेशीर होतं. त्याने कुणाचा काय बचाव झाला? मारेकऱ्याला अडवायला जो धावला तो २४ वर्षांचा अमेरिकन तरुण निःशस्त्र होता. मॅच बघायला आलेला. गोळी त्याच्या हातातून आणि छातीतून गेली, तरी तो वाचला. फॉरवर्डात या मुलाचं नावनिशाण नाही, कारण तो त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

आणि श्रीनिवासच्या कमरेला पिस्तूल असतं तर? तो एच-वन-बीवर होता. नॉनइमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या नसलेल्या, व्हिसावर अमेरिकेत आलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अमेरिकी कायदेसंहितेचा १८ वा भाग, कलम ९२२. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन, सगळे यात आले. टेक्ससचा कायदा कितीही सैल असो, केंद्राचा कायदा त्याच्यावर आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि गुन्हा सिद्ध झाला की हद्दपारीची टांगती तलवार. ग्रीनकार्ड झाल्यावर गोष्ट वेगळी. अपवाद आहेत, राज्याचा वैध शिकारीचा परवाना हा त्यातला एक. आणि ‘अरे, तो काढ की, पन्नासेक डॉलरात होतं काम’ असं सांगणारे पंडित प्रत्येक मराठी मंडळात सापडतात. ज्यावर नोकरी, घर आणि बायकोमुलांचा इथला मुक्काम अवलंबून आहे, ती गोष्ट वकिलाला न विचारता मंडळाच्या जेवणाच्या रांगेत ठरवायची नसते. नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याचं पिस्तूल हातात घेणंसुद्धा ‘बाळगणं’ ठरू शकतं. तिथले गॉगलवाले फोटो हौसेने फेसबुकवर टाकणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

भाच्याला मी हे फोनवर सांगितलं तर म्हणाला, ‘अगं मावशी, मी नुसतंच फॉरवर्ड केलं.’ त्याच्या आईने तर नुसतंच वाचून खरेदीची ऑर्डर दिली होती.

शेवटचं, आपल्याकडच्या हिमतीबद्दल. भारतात लायसन्स असलं तरी पिस्तूल उघडं मिरवता येत नाही. शस्त्र नियम २०१६, नियम ३२: सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, आणि पूर्णपणे झाकलेली हवी. लग्नात, मिरवणुकीत, सभेत ते परजणं किंवा बार काढणं सक्त मना. आनंदाच्या भरात बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नियम मोडला तर परवाना जाऊ शकतो. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला शंभराहून जास्त शस्त्रपरवाने रद्द झाले, आणि तिथे कमरेच्या पिस्तुलाचे रील लोकांना किती ‘आदर’ वाटायला लावत होते, ते बीडच्या कुणालाही विचारा.