सोळा तासांचा हिशोब

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या विभागाच्या सूचना फलकावर नव्या सत्राचे वेळापत्रक लागले. संगणकावर टंकलेला एक लांब कागद, त्यावर वार आणि वेळा, आणि प्रत्येक चौकटीत विषयाच्या संकेतांकाखाली शिक्षकाची आद्याक्षरे. दोन चौकटींत छापील अक्षरांवर व्हाइटनर लावून पेनने दुसरी अक्षरे लिहिली होती. व्हाइटनर पातळ लागल्यामुळे खालची अक्षरे नीट वाचता येत होती. मंगळवार आणि शुक्रवार दुपारच्या प्रात्यक्षिकांच्या बॅचमधून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नाव निघाले होते आणि तिथे तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, काम करणाऱ्या एका तरुण शिक्षिकेचे नाव आले होते. तिच्या मंजूर तासिका आधीच भरलेल्या होत्या, म्हणजे या दोन बॅचचे मानधन तिला मिळणार नव्हते. हा बदल कोणत्याही बैठकीत ठरला नव्हता. फलकासमोर आम्ही चार-पाच जण उभे होतो, सर्वांनी ते पाहिले, आणि अळीमिळी गुपचिळी करून सगळे आपापल्या खोलीत गेले. त्या गप्प राहणाऱ्यांत मीही होते, आणि तीच गोष्ट गेले काही आठवडे मनाला लागून राहिल्यामुळे हे लिहीत आहे.

मी एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एकोणीस वर्षे शिकवते आहे. विद्यापीठाचे आणि सहकाऱ्यांचे नाव मी लिहिणार नाही, कारण मला कोणा एका व्यक्तीविरुद्ध तक्रार करायची नाही, आणि वेगवेगळ्या विद्यापीठांतील मित्रमैत्रिणींशी बोलल्यावर ही गोष्ट फक्त आमच्या विभागाची नाही याची खात्री पटली आहे.

बाहेरच्या लोकांना प्राध्यापकांच्या कार्यभाराचा वाद ऐकून आश्चर्य वाटते, कारण नियम तर स्पष्ट आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार पूर्णवेळ शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तास, वर्षातून ३० आठवडे म्हणजे १८० अध्यापन दिवस इतका असतो. त्यापैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाने १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाने १४ तास करायचे असते. महाराष्ट्रात सातव्या वेतन आयोगाबरोबर ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने हीच चौकट लागू झाली. त्यामुळे कोणाचा कार्यभार जास्त आणि कोणाचा कमी हा प्रश्न आला की विभागप्रमुख तक्ता पुढे करतात, त्यात सर्वांच्या नावापुढे १६ किंवा १४ लिहिलेले असते, आणि चर्चा तिथेच संपते.

माझे म्हणणे एवढेच आहे की पक्षपात त्या आकड्यात शोधून सापडणार नाही. तास समान असतात आणि काम समान नसते.

आमच्याच विभागातील दोन सहायक प्राध्यापकांचे १६ तास शेजारी-शेजारी ठेवून पाहा. पहिल्यांकडे एक चार तासांचा विषय आहे, जो ते गेली सात वर्षे शिकवत आहेत आणि ज्याच्या टिपणांत त्यांना वर्षाला फार तर दोन पाने बदलावी लागतात. उरलेले बारा तास संशोधन प्रकल्प मार्गदर्शन आणि चर्चासत्र यांचे आहेत. प्रकल्पाचे विद्यार्थी त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच संशोधनाच्या कामावर बसतात. मी हे काम हलके आहे असे म्हणत नाही, परंतु त्या तासांतून त्यांच्या संशोधनालाही हातभार लागतो. दुसऱ्यांकडे चार वेगवेगळ्या विषयांचे दोन-दोन तास आणि प्रात्यक्षिकाच्या दोन बॅच, प्रत्येकी चार तासांच्या. नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आमच्याकडे २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना लागू झाला, तेव्हा जे विषय अगदी नव्याने आले आणि ज्यांची तयार टिपणे कोणाकडेच नव्हती, त्यांपैकी दोन त्यांच्याच वाट्याला आले. नवा विषय शिकवणाऱ्याला वर्गातल्या एका तासासाठी घरी तीन-चार तास बसावे लागते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारावे. कागदावर दोघांचेही सोळाच.

प्रात्यक्षिक म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण 'चार तास लॅबमध्ये बसायचे' असे आमच्याच व्यवसायातले लोक म्हणतात तेव्हा वाईट वाटते. एम.एस्सी.च्या सेंद्रिय रसायनाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला दोन पदार्थांचे मिश्रण दिले जाते, ते वेगळे करून दोन्ही ओळखायचे असतात. ती मिश्रणे आदल्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी वजन करून, नीट मिसळून, क्रमांक घालून लहान बाटल्यांत भरलेली असतात, आणि कोणत्या क्रमांकात काय आहे याची यादी त्या शिक्षकाच्या वहीत असते. दुसऱ्या दिवशी पंधरा विद्यार्थी, घातक वाफा बाहेर ओढून घेणारे मोजके चालू स्थितीतले धूरकक्ष, आणि ईथरची बाटली उघडी ठेवून बर्नर पेटवायला निघालेला एखादा घाईतला मुलगा. त्या चार तासांत शिक्षक खुर्चीवर बसत नाही. द्रवणांक चुकला तर पुन्हा स्फटिकीकरण करून घ्यायचे, एखादीच्या हातावर आम्ल उडाले तर नळाखाली हात धरायला लावायचा, शेवटी पंधरा जर्नल तपासून सह्या करायच्या. वेळापत्रकाच्या चौकटीत मात्र आदल्या दिवसाची संध्याकाळ येत नाही, आणि जर्नलही येत नाहीत.

याखेरीज ज्या कामांना चौकटच नाही, ती आणखी वेगळी. नॅक या उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे सात निकष, त्यातील प्रत्येकासाठी पाच वर्षांची कागदपत्रे गोळा करणे, प्रवेशाची छाननी, अंतर्गत गुणांच्या नोंदी, परीक्षेचे पर्यवेक्षण, डेड स्टॉकची म्हणजे टिकाऊ साहित्याची तपासणी, पालकांचे दूरध्वनी. ही कामे कोणाला मिळतात ते ठरलेले असते. जो नाही म्हणत नाही त्याला मिळतात, ज्याचा सेवाकाळ कमी आहे त्याला मिळतात, आणि 'मॅडम, तुमचे काम अगदी नीटनेटके असते' या वाक्याबरोबर आम्हा स्त्रियांना मिळतात. त्या वाक्यात कौतुक असते असे मला फार वर्षे वाटत होते.

यावर 'एवढे मोजत कशाला बसायचे, आपण काय कारखान्यात काम करतो का' असे म्हणणारे सहकारी भेटतात. मोजायचे यासाठी की या वाटपाचे परिणाम वर्षभरात संपत नाहीत, ते पदोन्नतीपर्यंत जातात. २०१८ च्या विनियमांतील मूल्यांकनाच्या तक्त्यात नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतले की अध्यापनाला 'चांगले' हा शेरा मिळतो, आणि विद्यापीठाच्या कामांपैकी तीन कामांत सहभाग असला की तिथेही 'चांगले' हाच शेरा मिळतो. ज्याने तीन कामे केली त्याला आणि ज्याने दहा कामे केली त्याला एकच शेरा. नवा विषय शिकवला की सात वर्षांचा जुना, प्रात्यक्षिकाच्या दोन बॅच घेतल्या की एकही नाही, याला त्या तक्त्यात जागा नाही. फरक पडतो तो संशोधनाच्या गुणांत, आणि संशोधनाला लागतो तो सलग मोकळा वेळ. म्हणजे ज्याच्या दुपारी मोकळ्या ठेवल्या गेल्या, त्याचे शोधनिबंध वाढतात, त्याचे सीएएसचे, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेचे, प्रस्ताव वेळेवर जातात, आणि मग तोच पुढे दाखवला जातो की पाहा, काम करणारा माणूस कसा असतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते ही म्हण मी सहकाऱ्यांसाठी वापरू इच्छित नाही, पण या रचनेसाठी मला दुसरी म्हण सुचत नाही.

हे सर्व मी दुरून पाहून लिहीत नाही. एकेकाळी मर्जीतली व्यक्ती मीच होते. मी विभागात रुजू झाले तेव्हा माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर विभागप्रमुख होते. पहिली चार वर्षे मला सकाळचे तास, ओळखीचे विषय आणि दोन दुपारी पूर्ण मोकळ्या मिळाल्या. सरांनी यात काही अन्याय केला असे त्यांना कधीच वाटले नसेल, होतकरू मुलीला संशोधनासाठी वेळ मिळावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि मलाही ती माझ्या गुणांची पावती वाटत होती. त्या चार वर्षांत माझे सहा निबंध प्रसिद्ध झाले. त्याच चार वर्षांत शनिवारची प्रात्यक्षिके माझ्याहून तीन वर्षे आधी रुजू झालेले एक सहकारी घेत होते, आणि त्या काळात त्यांचा एकही निबंध झाला नाही. पुढे विभागप्रमुखपद पाळीने दुसऱ्यांकडे गेले आणि शनिवार माझ्याकडे आला, तेव्हा सहाच महिन्यांत मी त्रासून त्याच सहकाऱ्यांपाशी तक्रार केली. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, रिएजंट शुक्रवारीच करून ठेवत जा, शनिवारी परिचर उशिरा येतो." त्यांनी दुसरा एकही शब्द काढला नाही. माझी पदोन्नती त्यांच्या आधी झाली. ते यंदा मे महिन्यात निवृत्त झाले, सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. निरोप समारंभात त्यांच्याविषयी 'शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' असे सर्वांनी सांगितले. मीही बोलले, परंतु जे बोलायला हवे होते ते बोलले नाही.

विभागप्रमुखांची बाजू मला ठाऊक नाही असे नाही. रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, मंजूर पदांच्या निम्म्या माणसांवर विभाग चालवायचा असतो, आणि काही शिक्षक असे असतात की त्यांना महत्त्वाचा विषय दिला तर विद्यार्थीच येऊन हात जोडतात. मग विभागप्रमुख अवघड वर्ग चांगल्या शिक्षकाला देतात आणि कामचुकार शिक्षकाला मोकळे सोडतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्या वर्षापुरते ते बरोबरही असते. मात्र नीट न शिकवल्याबद्दल मोकळा वेळ आणि नीट शिकवल्याबद्दल जास्त काम, ही सोय दहा वर्षे चालली की तरुण शिक्षक त्यातून योग्य तो धडा घेतात, आणि तो धडा विभागाच्या हिताचा नसतो.

सर्वांत मोठी किंमत मोजतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, कित्येकदा पीएच.डी. झालेली ही मुले-मुली तासाप्रमाणे मानधन घेतात, आणि तेही महिनोन्महिने रखडते. पर्यवेक्षण, नॅकच्या फायली, सहली, स्वागत समारंभ या सगळ्यांत त्यांना गृहीत धरले जाते. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यायची असल्यामुळे ती नाही म्हणू शकत नाहीत. व्हाइटनरखालच्या त्या दोन बॅच ज्या मुलीकडे गेल्या, तिला मी विचारले तेव्हा तिने सांगितले, "मॅडम, सरांनी स्वतः बोलावून सांगितले, माझ्यावर विश्वास आहे म्हणाले." तिच्या चेहऱ्यावर तेव्हा आनंद होता.

एक जुने उदाहरण मला पुन्हा पुन्हा आठवते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९९० च्या दशकात नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ प्राध्यापिकेला प्रयोगशाळेसाठी जागा मिळत नव्हती आणि तिची तक्रार कोणी मनावर घेत नव्हते. तेव्हा तिने टेप घेऊन इमारतीतल्या प्रयोगशाळा मोजायला सुरुवात केली. पुढे इतर प्राध्यापिका तिच्याबरोबर आल्या, समिती नेमली गेली, आणि १९९९ मध्ये विज्ञान शाखेतील स्त्री प्राध्यापकांच्या स्थितीविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. जागा, वेतन, साधनसामग्री यांच्या वाटपात भेदभाव झाला होता हे संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीरपणे मान्य केले. मला त्यात महत्त्वाची वाटते ती टेप. तिच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करता आले, मोजमापाकडे करता आले नाही. आपल्या प्राध्यापक संघटनांनी वेतनासाठी मोठे लढे दिले, २०१३ मध्ये एमफुक्टो या राज्यातील प्राध्यापक संघटनांच्या महासंघाच्या नेतृत्वाखाली परीक्षांच्या कामावर बहिष्कारही झाला. विभागाच्या आतल्या वाटपाचे असे मोजमाप मात्र त्यांच्याकडून व्हावयाचे राहिले आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना सभासदच असतात.

म्हणून मागच्या सोमवारी मी विभागप्रमुखांना एक लेखी निवेदन दिले आणि त्याची पोच घेतली. त्यात कोणाचेही नाव नाही. वेळापत्रकाशेजारी दुसरा एक कागद लावावा, एवढी मागणी आहे. त्या कागदावर प्रत्येक शिक्षकाकडे किती वेगवेगळे विषय आहेत, त्यांपैकी नवे किती, प्रात्यक्षिकाच्या बॅच किती, सकाळचा पहिला आणि संध्याकाळचा शेवटचा तास एकाच दिवशी किती वेळा येतो, समित्यांची कामे कोणती आणि ती किती वर्षांपासून, हे सारे लिहिलेले असावे. कोणताही विषय तीन वर्षांहून अधिक काळ एकाच व्यक्तीकडे ठेवायचा असल्यास त्याचे कारण बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवावे. लागलेल्या वेळापत्रकात बदल करायचा तर तो बैठकीत करावा. आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना मंजूर तासांबाहेरचे काम देऊ नये. विभागप्रमुखांनी निवेदन वाचले आणि "मॅडम, यामुळे विभागातले वातावरण बिघडेल" असे सांगितले. विषय पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याचे मात्र त्यांनी मान्य केले आहे. बैठक १५ तारखेला आहे. मंगळवारची बॅच मी माझ्याकडे देण्याची विनंतीही त्याच पत्रात केली आहे, शुक्रवारच्या बॅचविषयी बैठकीत बोलेन.

ज्यांच्या विभागात किंवा महाविद्यालयात अशी नोंद ठेवली जाते, त्यांनी ती कशी ठेवतात हे मला कृपया कळवावे. तक्त्याचा नमुना मिळाला तर १५ तारखेच्या आधी फार उपयोग होईल. व्यक्तींची आणि संस्थांची नावे लिहू नयेत, ही विनंती.