दोघांची पट्टी

एकाच बँडमधून भांडून वेगळे झालेले ब्रिटिश गायक रॉबी विल्यम्स आणि गॅरी बार्लो यांनी २०१० साली एकत्र गायलेले 'शेम' हे गाणे आणि त्याचा व्हिडिओ गेल्या आठवड्यात पुन्हा पाहिला. त्याविषयी बराच काळ मनात साचलेले आज लिहीत आहे. मँचेस्टरच्या पॉप बँडमधल्या भांडणाशी नागपूरकराचे काय नाते, असे कोणी विचारील. पण ज्याने महाल-इतवारीपासून कामठी-उमरेडपर्यंत गणपतीच्या मांडवांत ऑर्केस्ट्रामध्ये गायले आहे, आणि ज्याचा सहगायक एक दिवस बोलेनासा झाला आहे, त्याला हे भांडण परके वाटत नाही.

'टेक दॅट' हा बँड १९९० साली उभा राहिला. बहुतेक गाणी गॅरीची असत, आणि रॉबी सर्वांत लहान, बँडमध्ये आला तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचा. जुलै १९९५ मध्ये तो बाहेर पडला आणि पुढच्या फेब्रुवारीत बँडही मोडला. त्यानंतर पारडे सर्वांच्या अंदाजाविरुद्ध फिरले. ज्याच्या भविष्याबद्दल कोणालाच शंका नव्हती, त्या गॅरीची एकल कारकीर्द दोन अल्बममध्येच थांबली, तर रॉबीने २००३ साली इंग्लंडमधल्या नेबवर्थला तीन रात्री मिळून पावणेचार लाख लोकांसमोर गायले. या सगळ्या काळात तो मुलाखतींतून गॅरीची जाहीर टर उडवत होता. पुढे बाकीचे चौघे रॉबीशिवाय एकत्र आले आणि २००६ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. म्हणजे समेटाच्या वेळी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या दारात हात पसरून उभा नव्हता, आणि माझ्या मते हा समेट खरा ठरण्याचे ते एक मोठे कारण आहे.

गाणे दोघांनी मिळून लिहिले. एकाच गोष्टीच्या दोघांकडे दोन आवृत्त्या आहेत, ही कबुली त्यात अगदी सुरुवातीलाच येते, आणि कोणाची खरी याचा निवाडा गाणे करीत नाही. शीर्षकाचा इंग्रजी शब्दही दुहेरी आहे: त्यात लाज आहे, तशीच 'अरेरे, असे व्हायला नको होते' ही हळहळही आहे. मराठीत आपण ओशाळणे म्हणतो, त्याच्या हा अर्थ फार जवळ जातो. ओशाळलेला माणूस स्पष्टीकरण देत नाही, तो फक्त समोर येऊन उभा राहतो.

व्हॉन आर्नेल यांनी दिग्दर्शित केलेला व्हिडिओ 'ब्रोकबॅक माउंटन' या, दोन काउबॉयमधल्या प्रेमाच्या २००५ सालच्या चित्रपटाच्या धर्तीवर आहे. काउबॉयच्या वेशातले दोघे, नजरानजर, ओढ, संकोच. अनेकांना ती निव्वळ थट्टा वाटली, मला तसे वाटत नाही. पुरुषांच्या मैत्रीतल्या अबोल्यासाठी आपल्याकडे कोणताच आकृतिबंध नाही. प्रेमिकांचा रुसवा गाण्यांत शतकानुशतके आहे, पण वर्षानुवर्षे न बोललेल्या दोन मित्रांनी एकमेकांकडे कसे पाहायचे, हे कोणी दाखवलेले नाही. म्हणून त्यांनी प्रेमकथेची चौकट उसनी घेतली. त्यातला विनोद त्यांना धीर देतो, आणि हसता हसता दोघांचे डोळे जे सांगून जातात, ते कोणत्याही मुलाखतीत सांगता आले नसते.

हे गाणे रॉबीच्या निवडक गाण्यांच्या संग्रहासोबत आले, म्हणून ती विक्रीची युक्ती होती, असाही आक्षेप आहे. विक्री झालीच: ब्रिटनमध्ये गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले, नोव्हेंबरमध्ये रॉबीसह पाचही जणांचा अल्बम आला, आणि २०११ मध्ये त्यांनी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर आठ रात्री कार्यक्रम केले. पण गायकाचे पोट गाण्यावर असते. त्याने गाण्यातून माफी मागितली आणि ते गाणे विकले गेले, तर माफी खोटी ठरत नाही. पुढे रॉबी पुन्हा स्वतःच्या वाटेने गेला, पण या वेळी भांडून नाही.

द्वंद्वगीत म्हणजे काय, हे ज्याने दुसऱ्या पुरुषाबरोबर गायले आहे त्याला ठाऊक असते. पट्टी म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला 'सा' धरून गायचे तो सूर. माझी पट्टी काळी एक, माझ्या मित्राची पांढरी चार, म्हणजे माझ्याहून वरची. त्याच्या पट्टीत गायचे तर माझा वरचा सूर फाटे, माझ्या पट्टीत त्याचा खर्ज विरून जाई. दर वेळी कोणाला तरी सरकावे लागे, आणि आमच्या चांगल्या दिवसांत आम्ही न सांगता सरकत असू.

२००२ च्या गणेशोत्सवात कामठीच्या एका कार्यक्रमाची सुपारी आली. मी त्याला न कळवता दुसरा गायक घेतला. आयोजकांना नवा चेहरा हवा होता, हे खरे. पण त्याला तोंडाने सांगणे माझे काम होते, आणि मी ते केले नाही. त्याला ते भिंतीवरच्या पोस्टरवरून कळले. त्यानंतर गोकुळपेठच्या बाजारात तो समोरून आला की मी संत्र्यांच्या गाड्यापाशी वळत असे, आणि मला वाटते तोही वळत असे. वीसहून अधिक वर्षे अशीच गेली.

'शेम' पाहून झाल्यावर मी त्याला फोन केला. कामठीबद्दल जे बोलायचे होते ते बोललो. वाक्ये नीट जुळली नाहीत. तो बराच वेळ गप्प होता. मग मी विचारले की रविवारी माझ्याकडे येऊन जुने एखादे गाणे म्हणशील का, मी पेटी काढून ठेवतो.

"पट्टी कोणती ठेवाची?" त्याने विचारले.

काळी दोन, मी म्हणालो. ती त्याचीही नाही आणि माझीही नाही. रविवारी दुपारी चारला तो येणार आहे, आणि आज सकाळपासून मी पेटीचा भाता पुसत बसलो आहे.