पंचनाम्याला एवढं का भ्यायचं?

आमच्या धाराशिवकडच्या ग्रुपवर परवा एकच मेसेज तीनदा येऊन पडला: ‘युद्धात मेलेल्या सामान्य लोकांची नावं लिहीत बसणं हा रिकामटेकड्यांचा धंदा. मेलेले परत येत नाहीत, आकडे शत्रूच्या प्रचाराला कामी येतात, आणि युद्ध म्हटलं की माणसं मरणारच.’

मेलेले परत येत नाहीत, मान्य. पण मागे राहिलेल्यांचं काय? सोयाबीन पाण्यात गेलं की आपण बांधावर उभं राहून तलाठ्याची वाट बघतो. पंचनामा नाही तर नुकसानच नाही. माणसाचंही तेच. मृत्यूचा दाखला नाही तर वारसाचा फेर नाही. बेपत्ता माणूस मेला असं धरायला आपल्याकडंच सात वर्षं जावी लागतात.

प्रचाराचं म्हणाल तर गंमत उलटीच आहे. बोस्नियाच्या युद्धात दोन लाखांवर माणसं गेली, असं सर्रास सांगितलं जायचं. साराजेव्होतल्या एका संस्थेनं एकेक नाव जमवलं, बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट अशा तिन्ही समाजांचं, आणि २००७ साली सैनिक धरूनही यादी भरली ९७,२०७ नावांची. फुगवणाऱ्यांची आणि नाकारणाऱ्यांची, दोघांचीही पंचाईत!

माणसं मरणारच? अफगाणिस्तानात संयुक्त राष्ट्रांची नोंद सुरू होती, टीका वाढली, आणि जुलै २००९ मध्ये नाटोच्या सेनापतीनं वस्तीवरच्या हवाई हल्ल्यांना लगाम घातला. सरकार आणि परदेशी फौजांच्या हातून मेलेले नागरिक २००८ मध्ये ८२८ होते, २००९ मध्ये ५९६.

आणि लांब कशाला जायचं? निजामाच्या राज्यातल्या रझाकारांचे अत्याचार ऐकतच आपण वाढलो, आणि ते खरेच होते. पण १९४८ साली भारतीय फौज निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली, त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमानांची जी कत्तल झाली, ती बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज २७ ते ४० हजार. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद आणि नांदेड. अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. २७ ते ४०! मधली तेरा हजार माणसं मेली की जगली, हे आज कुणाला सांगता येईल? म्हणून तर दर १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, ग्रुपवर एकजण ‘लाखो मारले’ लिहितो, दुसरा ‘काहीच झालं नाही’.

आमच्या गावात एक बुजवलेली विहीर आहे. म्हातारी माणसं तिच्याकडं बोट दाखवतात. आत कोण, किती, असं विचारलं की पावसापाण्याचं बोलायला लागतात.