कपाटातल्या लेन्स बाहेर काढा, मृग जवळ आलाय

जुन्या मॅन्युअल (हाताने फोकस करायच्या) कॅमेरा लेन्सचा नाद असलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या सगळ्या मंडळींसाठी हे लिहितोय. लांबलचक होईल, पण पाऊस सुरू व्हायच्या आत सांगायलाच हवं होतं. माझं म्हणणं सरळ आहे. या लेन्स वापरायच्या, एकमेकांना द्यायच्या, त्यांनी काढलेले फोटो दाखवायचे. नुसत्या जमवून कपाटात ठेवल्या तर आपल्या हवेत त्या टिकत नाहीत.

आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. भिंतींना ओल येते, चपलांवर पांढरी बुरशी धरते, कपाट उघडलं की कुबट वास येतो. कणकुंबी-जांबोटीकडे तर कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. लेन्सच्या आत तेच होतं, फक्त आपल्याला दिसत नाही. बुरशीला दमटपणा, अंधार आणि कोंडलेली हवा मानवते, आणि बंद कपाटात तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात. त्यातून आम्ल सुटतं, ते आधी काचेवरचा पातळ थर (कोटिंग) खातं आणि मग काच. लवकर लक्षात आलं तर साफ करता येतं. उशीर झाला तर साफ केल्यावरही डाग राहतो, तो कायमचाच.

जुनी लेन्स बहुतेकदा चामड्याच्या केसमध्ये येते. केस देखणी असते, टाकवत नाही. पण चामडं ओल धरून ठेवतं, म्हणून केस वेगळी ठेवा आणि लेन्स रबर असलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा काटा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ते भरलं असं समजा, तापवलं की पुन्हा कामाला येतं (तवा मात्र स्वयंपाकाचा नको, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतो).

एवढं केलं तरी डबा म्हणजे अर्धाच उपाय. लेन्स फिरवली नाही तर फोकस रिंगच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस घट्ट होतं. त्यातलं तेल सुटून ॲपर्चरच्या, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात. हातात असलेल्या लेन्सचा दोष लगेच कळतो, डब्यातल्या लेन्सचा वर्षांनी.

काही जाणकार मंडळींचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते मी गंभीरपणे ऐकलंय. वापरलं की रंग उडतो, अक्षरं पुसतात, धूळ आत जाते, मूळ अवस्थेतली लेन्स पुढच्या पिढीला मिळत नाही. खरं आहे. अगदी दुर्मीळ एखादी वस्तू असेल तर ठेवा तशी. पण आपल्याकडे आहेत त्या नव्वद टक्के लेन्स लाखोंनी बनल्या होत्या आणि कामासाठीच बनल्या होत्या. त्यांच्या अंगावरची झीज मला त्यांच्या कामाची नोंद वाटते. ती पुसली गेली तर उलट मला वाईट वाटेल.

आता थोडं अॅडॉप्टरबद्दल, म्हणजे एका प्रकारची लेन्स दुसऱ्याच कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या कडीबद्दल, कारण नवीन मुलं इथेच अडतात. लेन्सच्या बसणीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटचं (लेन्स बसवायच्या पद्धतीचं) ठरलेलं असतं. एम ४२ स्क्रू माउंटचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, कॅनन एफडीचं ४२. आजच्या मिररलेस कॅमेऱ्याच्या बॉडीत जुन्यासारखा आरसाच नाही, म्हणून हे अंतर फार कमी झालंय: सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६. मधली जागा अॅडॉप्टर भरून काढतो. एम ४२ लेन्स सोनीवर लावायची तर अॅडॉप्टर २७.४६ मिमी जाडीचा हवा. कॅननच्या आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांचं अंतर ४४ मिमी, एफडीपेक्षा जास्त, म्हणून एफडी लेन्स त्यावर आत काच घातल्याशिवाय लांबचं फोकस करू शकत नव्हत्या आणि कितीतरी वर्षं कवडीमोलाने पडून राहिल्या. मिररलेस आले आणि त्यांचं नशीब बदललं.

स्वस्त अॅडॉप्टर सहसा मुद्दाम थोडे पातळ बनवतात, म्हणजे अनंताचं (अगदी लांबच्या वस्तूंचं) फोकस हमखास मिळावं. फोटो येतो, पण लेन्सवरची अंतराची पट्टी चुकते. रिंग अनंताच्या खुणेला पोहोचायच्या आधीच डोंगर फोकसमध्ये येतो. पट्टीवर भिस्त ठेवून काम करणाऱ्याला हे चालत नाही. इथे आपल्या गावाची श्रीमंती कामाला येते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची कामं करणारे किती हात आहेत! तिथल्या एका टर्नर अण्णांनी मायक्रोमीटर लावून माझा अॅडॉप्टर मोजला, मध्ये पातळ पितळी शिम (चकती) कापून घातली, आणि पट्टी जागेवर आली. अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं आमचं बोलणं चाललं होतं आणि दोघांनाही शतांश मिलिमीटर बरोबर कळत होता. त्यांनी त्याच मापाच्या आणखी शिम कापून दिल्या. त्या आता आमच्यातल्या चौघांच्या कॅमेऱ्यांत आहेत.

पट्टीचा एवढा आग्रह का, ते शनिवारच्या बाजारात कळतं. २८ मिमीची लेन्स फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) एफ ८ ॲपर्चरला ठेवा, फोकस सव्वातीन मीटरच्या आसपास. साधारण पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं स्पष्ट येतं. मग कॅमेरा डोळ्याला लावून रिंग शोधत बसायचं नाही. कोथिंबीर निवडणाऱ्या मावशीशी बोलत बोलत फोटो होतो, आणि तो फोटो ऑटोफोकसच्या चौकटीपेक्षा तुमच्या लक्षाचा असतो.

हेलिओस ४४-२ शिवाय आपली कुठलीही बैठक पुरी होत नाही, म्हणून तिच्याबद्दलही बोलतो. सोव्हिएत काळातली, झेनिट कॅमेऱ्यांबरोबर आलेली ५८ मिमी एफ २ लेन्स, रचना जर्मन झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सवर आधारलेली. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवलं, माणूस जवळ उभा केला आणि मागे पानांची दाटी असली, की पार्श्वभूमी गरगरते. खानापूर रस्त्याच्या झाडांखाली सुंदर दिसतं ते. पण ही गरगर मुख्यतः चौकटीच्या कडांना असते. फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला एपीएस-सी सेन्सर कडाच कापून टाकतो, त्यामुळे परिणाम बराच कमी होतो. कोणीतरी फुल फ्रेमवरचा, वर भरपूर रंग चढवलेला फोटो टाकतं, कॉलेजचा पोरगा तो बघून जमवलेले पैसे घालवतो आणि त्याच्या कॅमेऱ्यावर तसं काही येत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती: फोटो टाकताना लेन्सच्या नावाबरोबर कॅमेरा, सेन्सरचा आकार, ॲपर्चर आणि नंतर काय फेरफार केले तेही लिहा. दोन ओळींचं काम आहे, पण त्यावर कोणाचा तरी महिन्याचा खर्च ठरतो.

आणि फोटो वेगवेगळ्या कामांचे टाका. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत (१२०४ सालचं जैन मंदिर) छतावरचं उलटं कमळ कमी उजेडात सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ लेन्सने काढून पाहा. या लेन्सच्या पुष्कळ प्रतींत थोरियम (किरणोत्सारी धातू) घातलेली काच आहे, वय झालं की ती पिवळी पडते. काही दिवस अतिनील दिवा दाखवला की बराचसा पिवळेपणा जातो. मी मात्र माझी तशीच ठेवलीय, जुन्या दगडावर तो पिवळेपणा मला आवडतो. वडगावात मागावरचा धागा न् धागा दिसायला हवा असेल तर ५५ मिमी मायक्रो निक्कोरसारखी, अगदी जवळून फोटो काढायची लेन्स शोधा. हलशीच्या भूवराह नृसिंहाच्या देवळातला दगड, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून दिसणारी शेतं, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ, काय कमी आहे आपल्याकडे?

सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे. आपल्या गल्ल्यागल्ल्यांतले जुने फोटो स्टुडिओ बंद होतायत. ज्या लेन्सनी आपल्या आईबाबांची लग्नं, मुंजी, दहावीचे ग्रुप फोटो काढले, त्या भंगारात वजनावर जातायत. शहापुरातल्या अशाच एका स्टुडिओवाल्या काकांकडे मी १३५ मिमीची लेन्स मागायला गेलो होतो. ते म्हणाले, "घेऊन जा रे. पण कपाटातच ठेवणार असशील तर माझं कपाट काय वाईट आहे?" मी त्याच लेन्सने त्यांच्याच दुकानाच्या पायरीवर त्यांचा फोटो काढला आणि प्रिंट नेऊन दिली. काकूंनी ती देवघराशेजारी लावली.

तेव्हापासून मी एक पद्धत धरलीय, तुम्हीही धरा. स्टुडिओतून लेन्स घेतली की पहिला फोटो त्या माणसाचा, कागदावर छापून, त्यांच्या हातात. आणि लेन्सच्या डब्यात एक चिठ्ठी: कोणत्या गावातली, कोणाची, कशासाठी वापरलेली. भाव पाडून घेऊ नका. ती विकणाऱ्याला आजचा बाजार माहीत नसतो, आपल्याला असतो. तिथे हात आखडणाऱ्या माणसाला मी आपल्यातला मानत नाही.

मृग लागायच्या आधीच्या रविवारी सकाळी सातला किल्ल्याच्या दरवाजाशी जमू. पडून असलेल्या सगळ्या लेन्स आणा, बुरशी लागलेल्याही. टॉर्च मारून प्रत्येक तपासू, साफ होण्यासारख्या वेगळ्या काढू. एम ४२ आणि निकॉन एफचे अॅडॉप्टर माझ्याकडे आहेत, एफडीचा कोणाकडे असेल तर खाली लिहा. ज्याच्याकडे नुसती बॉडी आहे त्यानेही या. त्या दिवशी लेन्स अदलाबदल करून वापरायची, पावसाळाभर ती ज्याच्याकडे गेली त्याच्याकडेच राहील, आणि गणपतीच्या आधी प्रत्येकाने तिचे फोटो दाखवायचे. माझी टाकुमार पहिली देतो.