माहितीपुस्तिका वाचू नये

नवं यंत्र घरात आलं की पहिलं काम एकच. खोक्यातून निघालेली माहितीपुस्तिका प्लास्टिकच्या आवरणातून बाहेर न काढता, तशीच उचलून 'त्या' पिशवीत टाकायची. 'त्या' म्हणजे कुठल्या, हे मराठी घरात सांगावं लागत नाही. कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात साडीच्या दुकानाची एक जाडजूड पिशवी असते. तिच्यात कधीच भंगारात गेलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, विकून टाकलेल्या स्कूटरची जादा किल्ली, गॅसचं जुनं पुस्तक आणि कशाचा आहे हे कुणालाच न आठवणारा एक पाना, एवढा ऐवज सुखानं नांदत असतो. पुस्तिका तिथे गेली की तिलाही शांती आणि आपल्यालाही.

वाचायची नाही, हे मुख्य. वाचणाऱ्याचं पुढे काय होतं ते मी पाहिलंय. माझ्या मेव्हण्यानं वॉशिंग मशिनची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मशिनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक झाकण असतं, त्याच्या आत गाळणी असते आणि ती महिन्या-दोन महिन्यांनी काढून धुवायची असते, असलं काहीबाही त्याला कळलं. आता तो धुतो. सेफ्टी पिना, शर्टाची बटणं, झालंच तर रुपया-दोन रुपये मिळतात. पण त्याच्या घरी गेल्या कित्येक वर्षांत एकही दुरुस्तीवाला आलेला नाही. घर कसं ओकंबोकं वाटतं.

पुस्तिकेसोबत बिल असतं. ते मात्र जिवापाड जपा. कसं जपायचं ते माझ्याकडून शिका. फ्रिजच्या कंप्रेसरवर १० वर्षांची वॉरंटी होती, म्हणून मी बिल लॅमिनेट करून घ्यायचं ठरवलं. हल्ली बरीच बिलं थर्मल कागदावर येतात. त्यात शाई नसतेच. कागदावर एक लेप असतो, तो उष्णतेनं काळा पडतो, ती अक्षरं. म्हणजे १० वर्षांच्या वॉरंटीचा पुरावा अशा कागदावर, जो कपाटात नुसता पडून पडून दोन-तीन वर्षांत कोरा होतो. हे मला ठाऊक नव्हतं. झेरॉक्सवाल्यानं तो कागद तापलेल्या रुळांमधून घातला आणि दुसऱ्या बाजूनं काळाकुळकुळीत पट्टा बाहेर आला. तो म्हणाला, "काका, थर्मल आहे म्हणून आधी सांगायचं ना!" मी म्हटलं, "तूच सांगायचं ना!" दोघांचंही बरोबर होतं. माझ्याकडे आज फ्रिजचं पूर्ण काळं बिल आहे. पाणी पडलं तरी त्याला काही होत नाही. घेतल्या दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढली असती तर दोन रुपयांत काम झालं असतं, पण दोन रुपयांच्या गोष्टीला प्रतिष्ठा नसते.

आता मिक्सर. हा धडा नीट लक्ष देऊन वाचा.

रविवार सकाळ. पाहुणे येणार, डोशाचा बेत. चटणीत ओलं खोबरं, डाळं, मिरच्या. पाणी कमी घातलेलं, कारण घट्ट चटणी आमच्याकडे सुगरणपणाची खूण मानतात. मिक्सरनं आधी घरघर केली, मग सूर खाली आणला आणि गप्प बसला. अशा वेळी आमच्या घरात जी प्रक्रिया होते ती अशी. बटण पाचसहा वेळा चालू-बंद करायचं. पिन काढून दुसऱ्या सॉकेटात घालायची. मग मिक्सरला दोन चापट्या, पहिली हळू. मग सगळ्यांनी आळीपाळीनं वाकून वास घ्यायचा. जळका येतोय की नाही यावर दोन तट पडले. शेवटी चटणी खलबत्त्यात झाली, पाहुण्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली आणि मंगळवारी दुरुस्तीवाला मुलगा आला.

त्यानं तान्ह्या बाळाला पालथं करतात तसा मिक्सर पालथा केला. बुडाशी एक छोटं लाल बटण होतं. ते दाबलं. टक. "लावा, काकू." मिक्सर सुरू. तीनशे रुपये. "काय झालं होतं?" असं मी विचारलं, कारण पैसे देताना काहीतरी विचारावं लागतं. "लोड आला होता, काका," एवढं सांगून तो गेला. 'लोड आला होता' या निदानात जी गूढता आहे ती मला फार आवडली. मी ऑफिसात दोन दिवस तेच सांगत होतो.

वस्तुस्थिती अशी की मोटरवर ताण आला की ते बटण आपोआप वीज तोडतं, म्हणजे आतली तार जळत नाही. मिक्सर थोडा वेळ निवू द्यायचा, भांड्यातला माल कमी करायचा आणि बटण दाबायचं. हे पुस्तिकेच्या सहाव्या पानावर चित्रासकट, बाण काढून दिलेलं आहे. शिवाय मिक्सरच्या बुडावरच बारीक अक्षरांत लिहिलंय की पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा. मला हे दोन वर्षांनी कळलं, पासपोर्ट शोधायला ती पिशवी खाली काढली तेव्हा. तोवर तो मुलगा आणखी दोनदा येऊन गेला होता. एकूण नऊशे रुपये. पण तिसऱ्या खेपेला त्यानं पिशवीतून लग्नाची पत्रिका काढून हातात ठेवली. आम्ही दोघं गेलो. मठ्ठा उत्तम होता, जिलबी तर फारच छान. सहावं पान वाचलं असतं तर या जेवणाला मुकलो असतो. हिशेब कसा मांडायचा तो तुम्हीच मांडा.

पाणी शुद्ध करायचं यंत्र घेताना तर स्वतःची अक्कल मुळीच वापरू नका. त्यासाठी टाय लावलेला एक तरुण घरी येतो. तो दोन पेले मागतो. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातलं. मग बॅगेतून सळ्यांच्या दोन जोड्या असलेलं एक उपकरण काढतो, सळ्या दोन्ही पेल्यांत बुडवतो आणि वीज चालू करतो. मिनिटाभरात तुमचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर फेस. त्याचं पाणी स्वच्छ. तो काही बोलत नाही. नुसता तुमच्या लहान मुलाकडे बघतो. इथे तुम्ही हादरून चेकबुक काढायचं असतं.

आमच्याकडे हा प्रयोग चालू असताना दुर्दैवानं माझा भाचा घरात होता. अकरावी सायन्स. त्यानं स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं आणि "एक मिनिट हं" म्हणत त्या शुद्ध पाण्यात टाकलं. वीज पुन्हा लावली. शुद्ध पाणीही गढूळ. कारण सोपं आहे. एका सळीचं लोखंड विरघळून पाण्यात उतरतं, तोच तपकिरी रंग. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते आणि लोखंड विरघळतं. त्याचं यंत्र आरओ, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार मागे ठेवणारं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत, म्हणून तिथे काही होत नाही. म्हणजे पेल्यात दिसली ती घाण सळीतून आलेली, नळातून नव्हे. तो तरुण क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मॅडम, जरा पाणी मिळेल का?" कुठलं देऊ, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाला, "माठातलं."

तरीही आम्ही यंत्र घेतलं. पाचव्या मजल्यावरच्यांनी घेतलं होतं ना! आमच्याकडे पुण्यात खडकवासल्याचं पाणी येतं. मीटर लावलं तर टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, शंभरालाही पोचत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत चालतं आणि ज्या पाण्यात ५०० हून कमी आहे तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ सालीच सरकारला सांगितलं होतं. पण लवाद काही आमच्या सोसायटीत राहत नाही. आता एक लिटर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातं. ते वाया जाऊ नये म्हणून बायकोनं खाली बादली ठेवलीय आणि बादली ओसंडू नये म्हणून मला ठेवलंय.

यंत्रासोबत वार्षिक देखभालीचा करार जरूर करा. त्यात सगळं येतं. फक्त फिल्टर, मेम्ब्रेन, प्लास्टिकचे भाग आणि विजेचे भाग येत नाहीत. उरलं काय, असं आम्ही विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "सर्व्हिस."

एसीबद्दल फार सांगत नाही. बाहेरून घामाघूम होऊन आलात की थेट १६ वर लावा. २४ वर लावलेला एसी खोली २४ पर्यंत आणायला जेवढा वेळ घेतो, साधारण तेवढाच वेळ १६ वर लावलेलाही घेतो, फक्त तो पुढे थांबत नाही. म्हणून तर १ जानेवारी २०२० पासून एसी सुरू होताना आपोआप २४ वर यावा, असा नियम झाला. म्हणजे रिमोटवर आठ वेळा बोट दाबून तो मोडायची सोय सरकारनंच करून दिली. मग रात्री दोनला सोलापुरी चादर शोधा. ती मिळत नाही, कारण 'मे महिन्यात कशाला लागतेय' म्हणून तुम्हीच ती माळ्यावर टाकलेली असते.

वॉशिंग मशिन घ्यायचं तर ॲपवालंच घ्या. आमचं मशिन कपडे धुऊन झाले की एक धून वाजवतं, ती शेजारच्या इमारतीतही ऐकू जाते. एवढ्यानं भागत नाही म्हणून माझ्या फोनवर संदेश येतो, मी ऑफिसात असताना. मग मी बायकोला फोन करतो. ती मशिनशेजारीच उभी असते. मागे तिनं विचारलं, "वाळत घालायचं ॲप निघालंय का?" त्या दिवसापासून मी फोन करत नाही. ॲपला मात्र माझं ठिकाण, माझे फोटो आणि सगळे संपर्क हवे होते. दिले. गाळणी साफ करा म्हणून तेही दर महिन्याला कळवतं. मेव्हण्यासारखी गत होऊ नये म्हणून मी ते संदेश न वाचता पुसून टाकतो.

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांना महागातला फोन द्या आणि शिकवायला मुलगा परदेशात ठेवा. माझ्या मावसभावाचं कुटुंब न्यू जर्सीत आहे. तिथून तो मावशीला व्हिडिओ कॉलवर सांगत होता, "आई, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत बघ."

"इथे कुठलीच टिंबं नाहीत."

"असतीलच गं. काय दिसतंय तुला?"

"तू दिसतोयस. वाळलायस."

"मी नाही, स्क्रीनवर काय आहे ते दाखव मला."

मावशी उठली, बाथरूममध्ये गेली आणि फोन आरशासमोर धरला. त्याला स्वतःचाच चेहरा दिसला, इवलासा. मागे गीझरचा लाल दिवा. "दिसलं?" मावशीनं विचारलं. तो "हो" म्हणाला. पुढच्या डिसेंबरात भारतात आला तेव्हा त्यानं ती टिंबं दाबली. मला विचाराल तर मावशीला ती पहिल्या दिवसापासून दिसत होती.

तक्रार करायची वेळ आलीच तर ग्राहक सेवेच्या क्रमांकावर फोन लावून तो स्पीकरवर ठेवा आणि स्वयंपाकाला लागा. कुकरच्या चार शिट्ट्यांत माणूस येतो आणि "यंत्र एकदा बंद करून चालू केलंत का?" असं विचारतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तो चुकूनही पाठ करू नका. तसंच, दुरुस्तीचा हक्क म्हणून सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये एक पोर्टल सुरू केलं. पुस्तिका, वॉरंटी, सुटे भाग यांची माहिती तिथे एकत्र ठेवायची कल्पना आहे. म्हणजे 'ती' पिशवीच, फक्त सरकारी. तिचं काय करायचं ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

गेल्या आठवड्यात समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दार वाजवून आल्या. हातात मिक्सरचं भांडं, भांड्यात अर्धवट वाटलेलं वाटण, वरून झाकण घट्ट धरलेलं. "अहो, आमचा मिक्सर एकदम बंदच पडलाय. वासबीस काही नाही. काय करावं कळत नाही. संध्याकाळी मुलीला बघायला यायचेत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सहावं पान माझ्या डोळ्यांसमोर आलं, बाणासकट.

"थांबा," मी म्हटलं, "आमच्याकडे एक मुलगा येतो. नंबर देतो. तीनशे घेतो, पण हुशार आहे. अहो, नुसता हात लावला तरी चालू होतो."

"आणि ओळखीचा आहे ना?"

"म्हणजे काय! लग्नाला गेलो होतो आम्ही त्याच्या."