कॉलनीतला वेग नुसत्या गतिरोधकाने उतरत नाही

कोथरूडमध्ये कर्वे रस्ता आणि पौड रस्ता यांच्या मधल्या कॉलन्यांतून संध्याकाळी सुसाट जाणारी बरीच वाहने तिथल्या रहिवाशांची नसतातच. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवण्यासाठी किंवा मोबाइलवरच्या नकाशाने सुचवले म्हणून ती आत शिरलेली असतात. कोणाला धक्का लागला की सोसायट्यांची मागणी ठरलेली असते: गतिरोधक टाका. मग रातोरात डांबराचा एक उंचवटा उभा राहतो, ज्यावर ना पांढरे पट्टे असतात, ना अलीकडे सूचनेचा फलक.

रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, जेणेकरून ताशी 25 किलोमीटर वेगाने तो हादरा न बसता ओलांडता येईल. आपल्याकडचे उंचवटे अनेकदा याहून अरुंद आणि खडे असतात. त्यांवर रुग्णवाहिकेतला रुग्ण आणि दुचाकीवर मागे बसलेली आजी यांची हाडे खिळखिळी होतात, आणि पलीकडे गेलेला चालक पुन्हा जोरात निघतो.

चालक वेग ठरवतो तो रस्ता पाहून. सरळ, रुंद, काँक्रीटचा रस्ता आणि न थांबता वळता येईल असा ऐसपैस कोपरा दिला, तर ताशी 30 किलोमीटर मर्यादेचा फलक कोणी वाचणार नाही. कोपरे आवळणे, कॉलनीचे तोंड अरुंद करणे, तिथला झेब्रा पट्टा पदपथाच्या उंचीवर घेणे, पार्किंग आलटूनपालटून दोन्ही बाजूंना ठेवून सरळ धाव मोडणे, आणि गरज असेल तिथे एक टोक मोटारींना बंद करून पादचारी व सायकलींना खुले ठेवणे, हे खरे उपाय आहेत. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस असे बदल सुरू झाले आणि 1976 मध्ये त्या देशात अशा निवासी रस्त्यांना कायद्याचे स्थान मिळाले.

तीसच का, तर ताशी 50 ने येणारी मोटार चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर ताशी 30 ची मोटार साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. वेळ वाया जातो, ही तक्रार 400 मीटरच्या रस्त्यावर सुमारे 20 सेकंदांची आहे. (आपल्या गल्लीत सगळे हळू जावेत आणि दुसऱ्याच्या गल्लीतून आपल्याला लवकर निघता यावे, ही इच्छा मात्र सार्वत्रिक दिसते.)

मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार स्थानिक गरजेप्रमाणे वेगमर्यादा कमी करण्याचा अधिकार राज्याकडे आहे, तो निवासी भागांसाठी वापरायला हवा. पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या प्रभागातील कामे सुचवता येतात. तिथे गतिरोधकाऐवजी कॉलनीच्या तोंडाशी उंच झेब्रा पट्टा आणि आवळलेले कोपरे मागावेत, आणि काँक्रीटीकरणाची निविदा निघण्यापूर्वी रस्त्याचा आराखडा पाहायला मागावा, कारण काँक्रीट ओतल्यावर कोपरा बदलायला पुढची कित्येक वर्षे कोणी येत नाही.